नाव ठेवणे आणि इच्छा करणे : ‘न संपणारी गोष्ट’ ह्या कादंबरीच्या चित्रपटरूपांतराचा विचार

१

कादंबरीवरून तयार झालेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते. रूपांतर मूळाशी प्रामाणिक आहे की नाही, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना टीकाकार घटनांची यादी करतो, गाळलेले प्रसंग मोजतो, बदललेल्या पात्रांची नोंद घेतो आणि अखेर बेरीज-वजाबाकी करून निकाल देतो. ही पद्धत सोयीची असली तरी तिच्यातून फारसे निष्पन्न होत नाही. फ्रँक बाऊम ह्यांच्या १९०० मधील ‘ओझचा जादूगार’ ह्या कथेत डॉरथीच्या पायांत रुपेरी जोडे आहेत. १९३९ च्या चित्रपटात ते माणकांसारखे लाल झाले. बदल डोळ्यांत भरणारा खरा. पण जोड्यांचे कथेतील कार्य अबाधित राहिल्यामुळे त्याने कथेचे काही बिघडले नाही. उलट, एखादे रूपांतर मूळातील वस्तू, व्यक्ती आणि स्थळे जशीच्या तशी राखूनही त्यांच्यामधील परस्परसंबंध मोडू शकते. तेव्हा काय राहिले आणि काय गेले, ह्यापेक्षा जे राहिले ते आता कोणते कार्य करते, हे पाहणे अधिक फलदायी ठरावे.

अद्भुत कथेच्या बाबतीत तर ह्या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. वास्तववादी कादंबरीचे नियम कथेबाहेरच्या जगाने घालून दिलेले असतात. रूपांतरकाराला ते आयतेच मिळतात. अद्भुत कथेला स्वतःचे नियम स्वतःच घडवावे लागतात. घोडा बोलेल की नाही, मेलेला परत येईल की नाही, इच्छा केली तर तिचे मोल द्यावे लागेल की नाही, हे सारे त्या कथेच्या अंतर्गत घटनेत ठरते. म्हणून अद्भुताच्या रूपांतरात नियम बदलला की जग बदलते, मग देखावे कितीही हुबेहूब असोत.

प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने मिशाएल एंडे (१९२९–१९९५) ह्या जर्मन लेखकाची ‘डी उनएंटलिशे गेशिश्टे’, म्हणजे ‘न संपणारी गोष्ट’, ही १९७९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आणि तिच्यावरून वोल्फगांग पेटरसन ह्यांनी दिग्दर्शित केलेला १९८४ चा चित्रपट ह्यांची तुलना करावयाची आहे. चित्रपट म्युनिकजवळील बाव्हारिया स्टुडिओत, परंतु इंग्रजी भाषेत चित्रित झाला. त्या काळच्या जर्मन निर्मितींतील तो अत्यंत खर्चिक चित्रपट होता. पटकथेच्या आरंभीच्या कामात स्वतः एंडे सहभागी होते. पुढे मतभेद विकोपास जाऊन ते न्यायालयात गेले, आणि निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. लेखकाचा हा रोष सुप्रसिद्ध आहे. तथापि लेखक रागावला म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही. रोषाला कारण होते की नाही, हे दोन्ही कृतींच्या घडणीवरूनच ठरविले पाहिजे.

२

कथासूत्र थोडक्यात असे. आईच्या मृत्यूनंतर एकाकी झालेला बास्टियान बाल्थाझार बुक्स हा मुलगा कोरेआंडर नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानातून एक पुस्तक उचलून नेतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. पुस्तकात फांताझियन ह्या कल्पनाराज्याला ‘नास्ति’ गिळत चालली आहे, आणि त्या राज्याची बाल-सम्राज्ञी आजारी आहे. तिच्यावरचा उपाय शोधण्यास आत्रेयू हा तरुण शिकारी निघतो. उपाय असा निघतो की सम्राज्ञीला नवे नाव हवे, आणि ते मनुष्यलोकातील मूलच देऊ शकते. बास्टियान नाव उच्चारतो आणि पुस्तकात प्रवेश करतो. येथे कादंबरी साधारण अर्ध्यावर येते, आणि येथेच चित्रपट संपतो.

कादंबरीचा उत्तरार्ध हा पूर्वार्धाचा हिशेब आहे. बास्टियानला ‘आउरिन’ हे पदक मिळते. त्याच्या मागील बाजूस, मनात असेल ते कर, अशा आशयाचा लेख आहे. तो इच्छा करीत जातो व प्रत्येक इच्छा फळते. मात्र प्रत्येक इच्छेबरोबर मनुष्यलोकातील एक आठवण पुसली जाते. तो देखणा होतो, आणि आपण कधीकाळी जाडा, वाकड्या पायांचा मुलगा होतो हे विसरतो. बलवान होतो, शूर होतो, विख्यात कथाकार होतो. अखेर क्सायीडे ह्या चेटकिणीच्या नादाने सम्राट होऊ पाहतो आणि आड येणाऱ्या आत्रेयूला स्वतःच्या हाताने जखमी करतो. परतीचा मार्ग सापडेपर्यंत त्याच्यापाशी जवळजवळ काहीही उरलेले नसते.

चित्रपटाने निम्मी कादंबरी सोडली, एवढ्यावरून त्याला दोष देणे रास्त होणार नाही. सुमारे दीड तासाच्या अवधीत एवढ्या विस्ताराचा ग्रंथ मावणे शक्यच नव्हते. आणि कोठे थांबावयाचे हे ठरविण्याचा अधिकार रूपांतरकाराला आहेच. प्रश्न आहे तो थांबण्याच्या जागेचा. ज्या कृतीपाशी चित्रपट थांबतो ती नाव ठेवण्याची कृती आहे. म्हणून दोन्हींकडे ती कशी घडते, हे बारकाईने पाहावयास हवे.

३

नाव ही गोष्ट भाषाविचाराला पूर्वीपासून छळीत आली आहे. जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८४३ मध्ये असे प्रतिपादिले की विशेषनाम वस्तूचा निर्देश करते, तिचे गुणवर्णन करीत नाही. आपल्याकडे यास्काने ‘निरुक्ता’त शाकटायनाचे मत नोंदविले आहे : सर्व नामे क्रियावाचक शब्दांपासून निघाली. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ मधील व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, नाव ठेवणे ही क्रियाच आहे हे जहाजाच्या नामकरणाच्या उदाहरणाने दाखविले. ‘मी ह्या जहाजाचे अमुक नाव ठेवतो’ असे म्हणणारा कशाचे वर्णन करीत नसतो. तो काहीतरी करीत असतो. अशी उक्ती सफल होण्यास मात्र काही अटी लागतात : उच्चारणारा अधिकारी हवा, प्रसंग योग्य हवा, आणि ऐकणाऱ्यापर्यंत ती पोहोचावयास हवी.

एंडे ह्यांची कादंबरी ह्या अटींचीच कथा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फांताझियनचे रहिवासी नाव देऊ शकत नाहीत. कारण ते स्वतःच गोष्टीतील पात्रे आहेत, नवे निर्माण करण्याची शक्ती त्यांच्या ठायी नाही. अधिकार मनुष्यबालकाचा. बास्टियानच्या अंगी एकच गुण आहे असे आरंभीच सांगितलेले असते : तो मनाशी गोष्टी रचतो आणि पूर्वी कोणी न ऐकलेली नावे व शब्द बनवितो. सम्राज्ञीचा चेहरा क्षणभर दिसताच त्याला नाव सुचते. तरीही तो ते उच्चारीत नाही. आपल्यासारखा कुरूप, भित्रा मुलगा पाहून ती निराश होईल, ह्या लाजेने त्याची जीभ अडते. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर अधिकार आहे, शब्द आहे, प्रसंग आहे. स्वतःच्या अधिकारावर विश्वास तेवढा नाही.

अशा वेळी सम्राज्ञी भटकत्या पर्वतावरील म्हाताऱ्याकडे जाते. हा म्हातारा फांताझियनमध्ये घडणारे सर्व काही लिहून ठेवतो. किंबहुना तो लिहितो तेच घडते. ती त्याला सारी गोष्ट पहिल्यापासून वाचावयास सांगते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दुकानाच्या काचेवरील पाटीची अक्षरे आतून दिसतात तशी उलटी छापलेली आहेत. ती पाटी आता पुन्हा येते. मग बास्टियान दुकानात शिरतो, पुस्तक उचलतो, वाचू लागतो, आणि गोष्ट पुन्हा म्हाताऱ्यापाशी येऊन पहिल्यापासून सुरू होते. जोवर बाहेरून एक नवा शब्द येत नाही तोवर हे चक्र थांबणे शक्य नाही. जुन्या शब्दांची कितीही पुनरावृत्ती केली तरी तीतून नवे काही निघत नाही, हे तत्त्व येथे न सांगता घडवून दाखविले आहे.

आणि मग तो शब्द येतो : ‘मोंडेनकिंड’. रोजच्या जर्मन भाषेत चंद्राला ‘मोंड’ म्हणतात. ‘मोंडेन’ हे समासातील रूप जुने, काव्यात उरलेले आहे. म्हणजे शब्द नवा, पण त्याची घडण भाषेच्या जुन्या ठेव्यातून आलेली. ‘किंड’ म्हणजे मूल. जर्मनमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रजी भाषांतरात ही छटा दाखविता येत नाही. मराठी वाचकाला मात्र ती सहज उमगावी, कारण आपले ‘मूल’ही नपुंसकलिंगीच आहे. सम्राज्ञी वयाने लहान नाही की मोठी नाही. मूळ विशेषणाचा अर्थही ‘बालसुलभ’ असा आहे, ‘बालिश’ नव्हे. तिच्यासाठी बास्टियानने घडविलेला शब्द तिच्या ह्या अनिश्चित स्वरूपाशी व्याकरणातही जुळतो.

४

आता चित्रपट पाहू. येथेही सम्राज्ञी नाव मागते, वादळ उठते, मुलगा खिडकीतून ओरडतो. परंतु तीन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली : नाव नवे नाही. आपल्या आईचे नाव किती सुंदर होते, हे मुलगा आधी बोलून दाखवितो. तो ओरडतो ते आईचेच नाव, असे पटकथेने सुचविले आहे. ह्यामागील भावना समजण्यासारखी आहे. पोरक्या झालेल्या मुलाच्या तोंडी हे स्वाभाविक वाटते. तथापि क्रियेचे स्वरूप त्यामुळे पालटते. कादंबरीत नाव ही निर्मिती आहे. चित्रपटात ते स्मरण आहे. एकीकडे जे नव्हते ते अस्तित्वात येते, दुसरीकडे जे हरवले त्याची जागा भरून निघते. कादंबरीत स्मृती ही पुढे इच्छेचे मोल म्हणून द्यावयाची वस्तू आहे. चित्रपटात ती आधीच खर्ची पडली, आणि तीही काही न गमावता.

दुसरी : अडथळा बदलला. चित्रपटाच्या आरंभी न्याहारीच्या टेबलावर वडील मुलाला स्वप्नरंजन सोडून पाय जमिनीवर ठेवण्याचा उपदेश करतात, आणि निर्णायक क्षणी मुलाला आठवतो तो हाच उपदेश. अडथळा आता बाहेरचा झाला. स्वतःच्या रूपाची लाज हे कारण उरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पडद्यावरचा बास्टियान सडपातळ आणि गोजिरवाणा आहे. पात्रनिवडीची ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण जो मुलगा मुळातच देखणा आहे त्याला देखणे होण्याची इच्छा करावी लागत नाही, आणि म्हणून त्या इच्छेपायी स्वतःला विसरण्याचीही पाळी येत नाही. उत्तरार्धाचे दार पटकथेने बंद करण्यापूर्वीच पात्रनिवडीने बंद केले होते.

तिसरी : नाव नीट ऐकू येत नाही. वादळाच्या गर्जनेत ते बुडून जाते; कान देऊन ऐकणाऱ्या प्रेक्षकांना कादंबरीतीलच नावाचा भास होतो, इतरांना केवळ आरोळी ऐकू येते. ह्याचे समर्थन असे करता येईल की प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःच्या मनातील नाव तेथे घालता यावे म्हणून ती जागा मोकळी ठेवली आहे. युक्तिवाद आकर्षक आहे. पण ती जागा मोकळी कोठे आहे? आईचा उल्लेख करून पटकथेने ती अगोदरच भरून टाकली आहे. ज्या उच्चारासाठी सारी कथा रचली तो श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तरीही सर्व काही सफल होते. म्हणजे कार्य घडते ते शब्दाने नव्हे, आरोळीमागील तळमळीने. नाव ठेवण्याची क्रिया इच्छा करण्याच्या क्रियेत विरघळून गेली, ती येथे.

५

ह्याचा अर्थ चित्रपट केवळ दुबळा आहे असा नव्हे. माध्यमभेदाने त्याला दिलेली काही बळे मान्य केलीच पाहिजेत. विषादाच्या दलदलीत आत्रेयूचा घोडा आर्ताक्स बुडतो तो प्रसंग घ्या. कादंबरीत घोडा बोलतो. आपली निराशा तो शब्दांत सांगतो आणि धन्याला निघून जावयास सांगतो. बोलणारे पात्र स्वतःच्या मरणाला अर्थ देऊ शकते, आणि त्यामुळे ते मरण थोडे सुसह्य होते. चित्रपटातील घोडा मुका आहे. तो थांबतो, खचत जातो. मुलगा लगाम ओढीत विनवण्या करतो, आणि उत्तर येत नाही. येथे भाषेचा अभाव हाच परिणामाचा गाभा झाला आहे. शब्दांच्या कादंबरीवर चित्रपटाने मौनाने मात केली, असे ह्या प्रसंगापुरते निःशंकपणे म्हणता येईल.

तसेच भटकत्या पर्वतावरील म्हाताऱ्याला गाळून त्याच्या जागी चित्रपटाने जी योजना केली ती चतुर आहे. सम्राज्ञी आत्रेयूला सांगते की जसा बास्टियान तुझ्या संकटांत सोबत होता, तसेच दुसरे कोणी त्याच्याही सोबत आहेत. पुस्तकाच्या दुकानात तो गेला तेव्हाही ते होते. हे दुसरे कोण, हे अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसलेल्याला सांगावे लागत नाही. मूळ जर्मन आवृत्तीने मनुष्यलोकाचा मजकूर एका रंगात आणि फांताझियनचा दुसऱ्या रंगात छापून जो दुहेरी भाव साधला होता, त्याला हे चित्रपटीय उत्तर आहे. वाचकाच्या जागी प्रेक्षक आला.

परंतु ज्या ठिकाणी कादंबरीचे भाषातत्त्व तिच्या नीतितत्त्वाशी जोडलेले आहे, तेथे मात्र चित्रपट नेमका सांधा निखळवितो. उजाड भूतनगरीत आत्रेयूला ग्मोर्क हा लांडगा भेटतो. कादंबरीत तो साखळीने जखडलेला, भुकेने मरणोन्मुख आहे, आणि दोघांत होतो तो संवाद. फांताझियनचे जीव ‘नास्ती’त उडी घेतात तेव्हा त्यांचे काय होते, हे ग्मोर्क सांगतो : ते मनुष्यलोकात असत्ये होऊन पोहोचतात, भ्रम, भीती, खोट्या समजुती बनतात, आणि त्यांच्या साहाय्याने माणसांना हवे तसे वागविता येते. कल्पित आणि असत्य ह्यांतील भेद एवढ्या नेमकेपणाने मांडणारी कथा विरळा. आशय एकच असतो. तो कोणत्या वाटेने आला ह्यावर तो गोष्ट की लबाडी हे ठरते. माणूस कल्पनेच्या राज्यात जाऊन जाणतेपणी परत आला तर दोन्ही जगे निरोगी होतात. तेथील प्राणी वाचकाविना इकडे ढकलले गेले तर दोन्ही आजारी पडतात.

चित्रपटातील ग्मोर्कही सत्तेविषयी बोलतो. आशा गमावलेल्या माणसांवर राज्य करणे सोपे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. विधान चांगले आहे, पण असत्याचा मुद्दा त्यातून निसटला. ‘नास्ति’ आता केवळ निराशा झाली. आणि निराशेवर उतारा म्हणून कोणतीही आशा, कोणतीही इच्छा चालू शकते. संवादानंतर लांडगा झेप घेतो व मारला जातो.

६

आता दोन्ही कृतींच्या शेवटांकडे वळू. चित्रपटात सर्व नष्ट झाल्यावर सम्राज्ञी मुलाच्या हाती वाळूचा एक चमकता कण देते आणि सांगते की तू हव्या तितक्या इच्छा कर. जितक्या अधिक करशील तितके हे राज्य वैभवशाली होईल. हे चित्रपटकर्त्यांच्या पदरचे नाही. वाळूचा कण कादंबरीत आहे, आणि ह्याच अर्थाचे आश्वासनही आहे. परंतु कादंबरीत ते एका करारातील पहिले कलम आहे. दुसरे कलम, म्हणजे प्रत्येक इच्छेबरोबर जाणारी आठवण, बास्टियानला पुढे अनुभवाने कळते. चित्रपटाने पहिले कलम शब्दशः राखले आणि करार तेथेच फाडला. प्रसंगांची यादी करणारा टीकाकार येथे ‘मूळाप्रमाणे’ अशी नोंद करील, आणि नेमका येथेच चित्रपट मूळापासून सर्वांत दूर गेलेला असेल.

त्यानंतर मुलगा पांढऱ्या ड्रॅगनवर बसून आपल्याच शहराच्या रस्त्यांवरून झेपावतो, छळणाऱ्या तीन पोरांचा पाठलाग करतो, आणि ती घाबरून कचऱ्याच्या पेटीत उड्या घेतात. लहान प्रेक्षक ह्या प्रसंगी टाळ्या वाजवितो, आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण कादंबरीच्या नियमानुसार ह्या दृश्याचा अर्थ काय होतो? फांताझियनचा प्राणी मनुष्यलोकाच्या रस्त्यावर आला आहे, लोकांना भिवविण्यासाठी. ग्मोर्कने ज्यांचे वर्णन केले तीच ही असत्ये. ज्या विकाराविरुद्ध कादंबरी उभी राहिली, त्यालाच चित्रपटाने विजयाचे रूप दिले. हा विरोध चित्रपटाला जाणवत नाही, कारण नियमच त्याने अगोदर गाळलेला आहे.

ह्यावर आक्षेप येईल की शेवटी निवेदकाचा आवाज आपल्याला सांगतो : बास्टियानने पुढेही पुष्कळ इच्छा केल्या, साहसे केली, आणि मग तो नेहमीच्या जगात परतला, पण ती निराळी गोष्ट. म्हणजे रस्त्यावरचे दृश्यही कल्पनेतीलच मानता येईल. हे मान्य केले तरी ह्या निवेदनातील शेवटचा वाक्प्रयोग विचार करण्याजोगा आहे. तो कादंबरीतील पालुपदावरून घेतला आहे. एखादे गौण पात्र कथेबाहेर पडू लागले की कादंबरीकार दरवेळी बजावतो की त्याची हकीकत निराळी आहे आणि ती पुन्हा कधीतरी सांगावयाची आहे. वाचकाला प्रथम ही कथनाची लकब वाटते; पण शेवटी जीवनजलाच्या काठी पोहोचल्यावर बास्टियानला विचारणा होते की तू सुरू केलेल्या सर्व गोष्टी पुऱ्या केल्यास काय. तोपर्यंतचे प्रत्येक पालुपद हे कर्ज होते, हे तेव्हा कळते. चित्रपटाने तोच वाक्प्रयोग मुख्य गोष्टीलाच लावला. मूळात ऋण नोंदविणारे वाक्य येथे ऋणमुक्तीचे झाले.

त्या काठावरील प्रसंगात कादंबरीची तिन्ही सूत्रे एकत्र येतात. नाव देण्याच्या सामर्थ्यावर प्रवेश मिळविलेला मुलगा वाटेत एकेक आठवण गमावीत आला आहे. मध्यंतरी जुन्या सम्राटांच्या नगरीत त्याने स्वतःचे भवितव्यही पाहिले आहे : पूर्वी तेथे आलेली माणसे स्मृती संपल्यामुळे वाणीला पारखी झाली आहेत, आणि अक्षरांचे ठोकळे उधळीत बसतात, केव्हातरी त्यांतून गोष्ट निघेल, असे त्यांच्यावर देखरेख करणारे आर्गाक्स नावाचे माकड सांगते. कादंबरीची सव्वीस प्रकरणे वर्णमालेच्या सव्वीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. ह्या खेळातही तीच अक्षरे आहेत. बोलणारा कोणी असेल तर त्यांतून ग्रंथ होतो, नसेल तर ढिगारा. पुढे योरच्या चित्रांच्या खाणीत बास्टियानला बर्फात गोठलेल्या वडिलांचे चित्र सापडते, पण ते शोधताना तो शेवटची शिल्लक, म्हणजे स्वतःचे नाव, गमावून बसतो. जल त्याला नाव विचारते, आणि दुसऱ्याचे नाव ठेवणारा हा मुलगा स्वतःचे नाव सांगू शकत नाही. तेव्हा त्याच्याच हाताने जखमी झालेला आत्रेयू पुढे होतो, त्याचे नाव उच्चारतो, आणि अपुऱ्या गोष्टी पुऱ्या करण्याची हमी घेतो.

नामकरणाची क्रिया येथे पूर्ण वर्तुळ घेते. दुसऱ्याला नाव देता येते, पण स्वतःचे नाव मात्र आपल्याला दुसऱ्यानेच हाक मारून द्यावे लागते. हे भाषेविषयीचे सत्य आहे आणि मैत्रीविषयीचेही. त्यानंतर बास्टियान घरी जातो, दुःखाने मूक झालेल्या बापाला सारी हकीकत सांगतो, बाप रडतो. आणि मुलगा पुस्तकविक्रेत्याकडे जाऊन चोरी कबूल करतो. चित्रपटात न्याहारीच्या टेबलानंतर बाप पुन्हा दिसतच नाही.

७

१९९० मध्ये निघालेल्या दुसऱ्या चित्रपटात उत्तरार्धातील काही भाग घेतला गेला. त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. त्यात स्मृतिनाश आहे, पण तो क्सायीडेच्या एका यंत्राने होतो : मुलाने इच्छा करावी आणि यंत्राने एक आठवण हिरावून घ्यावी. गाळलेली गोष्ट परत आली, ती कपट होऊन. कादंबरीत इच्छेचे मोल हा त्या जगाचा नियम होता. तो कोणा दुष्टाने लादलेला नव्हता, म्हणून दुष्टाला हरवून टाळताही येत नव्हता. यंत्र मोडता येते. नियम केवळ समजून घेता येतो.

चित्रपट म्हणजे प्रतिमा आणि कादंबरी म्हणजे शब्द. म्हणून शब्दाचे माहात्म्य सांगणारी कथा पडद्यावर येताना उणी पडणारच, असे उत्तर ह्यावर कोणी देईल. जॉर्ज ब्लूस्टोन ह्यांच्या १९५७ मधील ग्रंथापासून हा माध्यमभेद अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. पण प्रस्तुत उदाहरणात तो फारसा लागू पडत नाही. नाव नवे असावे, ते ऐकू यावे, इच्छेचे मोल द्यावे लागावे, मित्राने मित्राचे नाव घ्यावे, ह्यांपैकी कोणतीही गोष्ट पडद्याला अशक्य नाही. त्या सगळ्या दृश्य व श्राव्य घटना आहेत. अशक्य होते ते उलट्या अक्षरांचे पान आणि वर्णानुक्रमाची प्रकरणे. त्यांच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. जे गेले ते माध्यमाने घेतलेले नाही; ते निवडीने गेले, आणि निवडीची जबाबदारी निवडणाऱ्याकडे राहते.

रूपांतराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना ह्यातून एक सूचना मिळण्यासारखी आहे. प्रसंगांची तुलना करण्यापूर्वी कथेतील निर्णायक उक्ती शोधाव्यात : वचन, शाप, नाव, शपथ, कबुली. त्या कोण उच्चारतो, कोणत्या अधिकाराने, त्या कोणी ऐकतो, आणि उच्चारल्यानंतर उच्चारणाऱ्यावर कोणते बंधन येते, हे दोन्ही कृतींत तपासावे. वेश, देखावे, पात्रांची संख्या बदलली तरी हे संबंध टिकले असतील, तर रूपांतराने मूळाशी नाते राखले असे समजावे. पेटरसन ह्यांच्या चित्रपटात उक्ती आहेत, त्यांचा परिणामही आहे. बंधन मात्र नाही. त्यामुळे कल्पनाशक्ती ही त्यात एक देणगी ठरते, आणि कादंबरीत ती देणगीबरोबर आलेले देणेही आहे.